वार पडल्यानंतर : महाराष्ट्रातील प्रसूत्युत्तर वेदना आणि तिच्या शमनाचा इतिहास

प्रस्तावना

बाळंतपणाचा इतिहास बहुधा मूल जन्मास येण्याच्या क्षणापाशी थांबतो. कळा, अडलेली बाई, सुईण, क्लोरोफॉर्म, प्रसूतिगृह, मातामृत्यू हे त्याचे परिचित विषय होत. मूल रडले, वार पडली, नाळ कापली गेली, की इतिहासकाराचे लक्ष अपत्याकडे वळते आणि बाळंतीण पडद्याआड जाते. वास्तविक तिच्या वेदनेचा एक निराळा अध्याय तेथूनच सुरू होतो. गर्भाशय आकुंचन पावताना पोटात येणाऱ्या कळा, फाटलेल्या किंवा ताणलेल्या योनिमार्गाची आग, कंबरेची ठणक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाटून येणारे स्तन, लघवीच्या वेळची जळजळ यांपैकी कोणतीही वेदना सहसा जीव घेत नाही. म्हणून मृत्यू मोजणाऱ्या दप्तरांत तिला स्थान मिळाले नाही. स्त्रियांच्या आत्मचरित्रांतही बाळंतपणाचा उल्लेख बहुधा अपत्याच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद म्हणून येतो. मधल्या दिवसांतील दुखणे संकोचापोटी गाळले जाते.

या वेदनेवर महाराष्ट्रात काय उपाय केले जात होते, ते कोणाच्या वाट्याला येत होते आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील वैद्यकीय सुधारणांनी त्या उपायांचे काय केले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे शमन मुख्यत्वे औषधाचे नव्हते. ते जागेचे, उबेचे, दुसऱ्याच्या हातांचे आणि विश्रांतीचे होते. त्यामुळे ज्या स्त्रीला डोक्यावर छप्पर आणि चार दिवसांची सवड होती तिलाच ते लाभले, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

विषयाच्या आकलनासाठी शरीरव्यापाराचा एक तपशील आरंभीच नोंदविणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतर लगेच सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे होते. प्रसूतीनंतर बेंबीच्या आसपास हाताला लागणारा त्याचा गोळा साधारण दहा-बारा दिवसांत ओटीपोटात उतरून पोटावरून लागेनासा होतो. सुवेराचे दहा दिवस आणि हा कालावधी यांचा मेळ योगायोगाचा की पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. बाळ स्तनाला लागले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय आवळले जाते. म्हणून दूध पाजताना कळ येते. पहिलटकरणीला या कळा तुलनेने सौम्य असतात, तर पुढच्या प्रत्येक खेपेला त्या वाढत जातात. ज्यांची बाळंतपणे अधिक त्यांना ही वेदना अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे.

संहितांतील सूतिका

या वेदनेला स्वतंत्र नाव देण्याचे काम सुश्रुतसंहितेने केले आहे. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात ‘मक्कल्ल’ या विकाराचे वर्णन येते. प्रसूत झालेल्या स्त्रीच्या शरीरातील दूषित रक्त पुरते बाहेर पडले नाही, तर वायू त्यास अडवून धरतो. बेंबीच्या खाली, कुशीत किंवा बस्तीच्या ठिकाणी गाठ निर्माण होते आणि मग सुया टोचाव्यात, आतून फाटावे अशा कळा येतात, असे हे वर्णन आहे. त्यावर तुपाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबर यवक्षार देण्याचा उपाय सांगितला आहे. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने ही ‘गाठ’ बहुतांशी आकुंचन पावलेले गर्भाशयच असावे. म्हणजे प्रकृतीच्या क्रियेला येथे विकृती मानले गेले, असे म्हणता येईल. तथापि रक्ताच्या गुठळ्या आत राहिल्यास कळा तीव्र होतात, हे आजही मान्य आहे. त्यामुळे ‘अडलेले रक्त’ ही कल्पना सर्वस्वी निराधार ठरत नाही. अधिक महत्त्वाचे हे, की या वेदनेची दखल घेतली गेली. प्रसूतीच्या वेणांहून ती निराळी मानली गेली आणि तिला निराळा उपचार सांगितला गेला.

चरकसंहितेचा भर औषधापेक्षा व्यवस्थेवर आहे. नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधावे आणि त्यात अग्नी, पाणी, स्नान, मलविसर्जन व स्वयंपाक यांची सोय असावी, असे चरक सांगतो. जवळ असणाऱ्या स्त्रिया अनेकदा बाळंत झालेल्या आणि प्रेमळ असाव्यात, ही अटही तेथे आहे. प्रसूतीनंतर भूक लागली असता सूतिकेला मानवेल तो स्नेह पिंपळी, चित्रक, सुंठ यांच्या चूर्णासह द्यावा. पोटाला तूप व तेल चोळून मोठ्या स्वच्छ वस्त्राने ते आवळून बांधावे, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत वायूला शिरकाव मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ ऊन पाण्याने स्नान घालावे आणि पाच किंवा सात रात्रींनंतर हळूहळू पुष्ट आहार सुरू करावा, असा हा क्रम आहे. सूतिकेचे रोग बरे होण्यास कठीण का, याचे चरकाने दिलेले कारणही लक्षणीय आहे. गर्भाच्या वाढीमुळे तिचे सर्व धातू शिथिल झालेले असतात आणि कुंथणे, वेदना, स्राव व रक्तक्षय यांमुळे शरीर रिते झालेले असते. या कारणपरंपरेत ‘वेदना’ हा शब्द येतो. वेदना ही केवळ सहन करण्याची गोष्ट नसून तीच शरीराला क्षीण करते, ही जाणीव येथे स्पष्ट आहे.

संहिता म्हणजे प्रत्यक्ष लोकव्यवहार नव्हे. सूतिकागार बांधू शकणारे घर कोणते असेल, हे सांगण्याची गरज नाही. तरीही पोट बांधणे, तेल लावणे, ऊन पाणी आणि सुंठ-पिंपळी ही सामग्री महाराष्ट्राच्या घराघरांत ज्या रूपाने आढळते, ते पाहता ग्रंथ आणि घर यांच्यात दीर्घकाळ देवाणघेवाण झाली असली पाहिजे. कोणी कोणाकडून घेतले, हे ठरविणे मात्र अवघड आहे.

बाळंतिणीची खोली

मराठी घरातील बाळंतिणीची खोली ही बहुधा माजघरालगतची, कमी उजेडाची आणि वारा न लागणारी असे. तेथे बाज टाकलेली असे आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी दिली जाई. सकाळी तेल लावणारी बाई येई. कंबर, पाठ, मांड्या, पोटऱ्या चोळून झाल्यावर कढत पाण्याने न्हाऊ घातले जाई, मग शेक आणि शेवटी पोटाला लांब फडक्याचा घट्ट पट्टा. कानांवरून रुमाल, पायांत मोजे किंवा फडकी. खाण्यात तूप-भात, मेतकूट, लसणाची चटणी, पुढे अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू. जेवणानंतर ओवा-शेपा घातलेला विडा. सुंठ व दशमुळांचे काढे घरी होत. पुढे बाजारात तयार बाळंतकाढे क्रमांकानिशी मिळू लागले. पहिल्या दहा दिवसांचा एक, त्यापुढचा दुसरा, अशी त्यांची विभागणी असे.

या साऱ्याकडे ‘रूढी’ म्हणून पाहण्याची अभ्यासकांना सवय जडली आहे. सोवळे-ओवळे, सटवीची पूजा, दृष्ट यांच्याबरोबरच शेकशेगडीची नोंद होते आणि तेथेच विवेचन संपते. परंतु बाळंतिणीच्या दृष्टीने विचार केला तर यांतील बऱ्याच गोष्टी वेदनाशामक आहेत. उष्णतेने स्नायूंचा ताठरपणा सैल होतो आणि कळ सौम्य भासते. पट्ट्याने सैल पडलेल्या पोटाला व कंबरेला आधार मिळतो. शेपा-ओव्याने पोटातील वात सरतो. बाळंतिणीला पोटात ज्या कळा जाणवतात त्यांत गर्भाशयाच्या कोणत्या आणि आतड्याच्या कोणत्या, हे तिला स्वतःला नेहमी सांगता येते असे नाही. तेल लावणाऱ्या बाईचा हात हा तर या व्यवस्थेतील सर्वांत मोलाचा भाग होय. कोठे दुखते हे ती विचारत असे आणि तेथेच तिचा हात थांबत असे. चार भिंतींच्या त्या काळोखात बाळंतिणीच्या दुखण्याविषयी रोज चौकशी करणारी ती कदाचित एकटीच व्यक्ती असेल.

या खोलीचे दोष झाकण्याचे मात्र कारण नाही. बंद जागेतील निखाऱ्यांचा धूर आई व मूल दोघांनाही घातक होता. पाणी पिण्यावर बंधन असे. पहिले पिवळसर दूध टाकून दिले जाई. फाटलेल्या भागावर शेक घेतल्याने सूज उतरण्याऐवजी वाढण्याचा संभव होता. आणि नाळ कापण्याचे हत्यार, सुईणीचे हात, वापरातील चिंध्या यांच्या वाटेने धनुर्वात आणि सूतिकाज्वर आत येत. ज्या हातांनी वेदना कमी केली त्याच हातांनी अनेकदा मृत्यूही आणला. या गोष्टीचा विसर पडला तर परंपरेचे गोडवे गाण्यापलीकडे हाती काही लागणार नाही.

यात जातीचा प्रश्नही गुंतलेला होता. सुईणपणाचे काम अनेक ठिकाणी मांग, महार, न्हावी अशा जातींच्या स्त्रिया करीत. सुवेराचा विटाळ, रक्त, वार पुरणे ही कामे ज्यांच्यावर लादली गेली होती त्यांच्याच हाती हे ज्ञान होते. दहा दिवस त्यांच्या स्पर्शावाचून चालत नसे. अकराव्या दिवशी घर शुद्ध झाले की त्या पुन्हा उंबऱ्याबाहेर जात.

छपराचा प्रश्न : मुक्ता साळवे यांचा निबंध

मग सुईणीचे स्वतःचे बाळंतपण कसे होत असे? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक अपूर्व पुरावा १८५५ मधील आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभबिंदू म्हणून त्याची चर्चा झाली आहे. धर्म, वेद, पेशवाईतील अत्याचार यांवरील त्यातील भेदक प्रश्न अनेकदा उद्‌धृत केले जातात. त्यातील बाळंतिणीविषयीचा मजकूर मात्र तितक्या बारकाईने वाचला गेलेला नाही.

आपल्या जातीच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडी-पावसाने त्यांना किती यातना होत असतील याचा विचार वाचकांनी स्वतःच्या अनुभवावरून करावा, असे मुक्ता लिहिते. पुढे ती विचारते की अशा स्त्रीला बाळंतरोग झाला तर वैद्याला व औषधाला पैसा कोठून यावा, आणि फुकट औषध देणारा असा कोणी वैद्य होऊन गेला काय.

या थोड्या ओळींत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे, येथे वेदनेचा काळ प्रसूतीनंतरचा आहे. वेणांविषयी मुक्ता बोलत नाही. ती थंडी, पाऊस आणि बाळंतरोग यांविषयी बोलते. दुसरे असे, की चरकाने सूतिकागाराला जे प्रथम स्थान दिले त्याच जागेचा अभाव ती दाखविते. पेटवलेल्या शेगडीला वर आडोसा लागतो, धुरीला बंद दार लागते. छप्पर नाही तेथे शेक नाही. उच्चवर्णीय घरात वाऱ्याचा झोतही वर्ज्य मानला जात असताना सुईणीच्या स्वतःच्या झोपडीत पाऊस गळत होता. तिसरी गोष्ट वाचकाला केलेल्या आवाहनाची. ‘स्वतःच्या अनुभवावरून’ विचार करा, असे जेव्हा ती म्हणते तेव्हा ज्यांच्या घरी बाळंतिणीची खोली आहे आणि त्या खोलीची गरज ज्यांना ठाऊक आहे, अशा वाचकांनाच ती उद्देशून बोलते. बाळंतिणीच्या यातनेचा इतका थेट सामाजिक विचार करणारा याहून जुना मराठी लेख दाखविणे कठीण आहे.

याच संदर्भात १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचाही विचार करता येईल. या संस्थेकडे सामान्यतः भ्रूणहत्येच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु गुप्तपणे बाळंत होणाऱ्या ब्राह्मण विधवेला माहेर नव्हते, बाज नव्हती, तेल लावणारी नव्हती. कण्हण्याचीही तिला चोरी होती. तिला मिळालेली पहिली गोष्ट म्हणजे जागा. १८८४ मधील आपल्या निवेदनात फुल्यांनी तेथे बाळंत झालेल्या विधवांची संख्या ३५ दिली आहे.

मृत्यूची मोजदाद आणि वेदनेचे मौन

१८४७ हे वर्ष प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी हात धुण्याचा आग्रह धरून सूतिकाज्वराचे मृत्यू कमी करून दाखविले, आणि एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. एकाचा विषय मृत्यू, दुसऱ्याचा वेदना. १८५३ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिल्यावर वेदनाशमनास प्रतिष्ठाही लाभली. मात्र क्लोरोफॉर्मचे काम मूल जन्मताच संपे. पुढच्या दिवसांसाठी विलायतेतही अंथरूण, अफूचा अर्क आणि परिचारिका हेच उपाय होते.

भारतात जे पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्र आले त्यात या दोन प्रवाहांपैकी मृत्यूचा प्रवाह प्रबळ ठरला, आणि परिस्थिती पाहता ते स्वाभाविक होते. १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. एडिथ पेची-फिप्सन यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टरांमुळे, पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांना उपचार मिळू लागले. त्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजची एम. डी. पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. संस्कृत वैद्यकग्रंथांतील गर्भिणी व सूतिकाविषयक विचार त्यांनी पाश्चात्त्य परीक्षकांपुढे ठेवला.

आनंदीबाईंचा हा विषय केवळ पदवीपुरता नव्हता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले. बाळंतिणीच्या खोलीतील दहा दिवस त्यांनी मुलीच्या वयात भोगले होते. भरलेले स्तन आणि रिकामी मांडी घेऊन ती खोली सोडली होती. मग परदेशातील विद्यालयात बसून त्यांनी सूतिकापरिचर्येविषयी लिहावे, यास निराळाच अर्थ प्राप्त होतो. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ग्रंथातील सूतिका, घरातील खोली आणि नवे शास्त्र या तिन्हींचा अनुभव असलेली व्यक्ती काम सुरू करण्यापूर्वीच गेली, ही या इतिहासातील मोठी हानी आहे.

त्यानंतरच्या सुधारणांची भाषा पाहिली असता खोली आणि सुईण या दोन्ही गोष्टी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या दिसतात. दाईंच्या प्रशिक्षणासाठी लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड स्थापन झाला. १९१८ मध्ये त्या फंडाच्या वतीने भारतातील बाळंतपणाच्या परिस्थितीविषयी प्रसिद्ध झालेल्या अहवालात देशभरातील डॉक्टर स्त्रियांची निवेदने आहेत. काळोखी खोली, कोळशांचा धूर, घाणेरड्या चिंध्या, दाईचे अज्ञान यांची वर्णने त्यात पुनःपुन्हा येतात. कॅथरीन मेयो यांनी १९२७ च्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकात याच प्रकारच्या सामग्रीचा राजकीय उपयोग केला आणि त्यामुळे उसळलेल्या वादात बाळंतीण हा राष्ट्राच्या अब्रूचा विषय बनला. साम्राज्याचे समर्थक म्हणत, पाहा किती रानटीपणा. राष्ट्रवादी म्हणत, ही अतिशयोक्ती आहे. बाळंतिणीला नेमके काय दुखते, हे या वादात कोणीही विचारले नाही.

डॉक्टर स्त्रियांची निरीक्षणे खोटी नव्हती. संसर्गाविषयी त्या बरोबरच होत्या. परंतु शेक, तेल आणि पट्टा यांमागे बाळंतिणीची काही गरज असू शकेल, हा विचार त्यांच्या मांडणीत क्वचितच डोकावतो. शेगडी काढा हे सांगणे सोपे होते. शेगडीच्या जागी ऊब कशाची द्यावी, हे सांगितले गेले नाही. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी ससून हॉस्पिटलच्या साहाय्याने मराठी मुलींना, त्यांत कित्येक विधवा होत्या, परिचारिकेचे शिक्षण देण्यास आरंभ केला तेव्हा ही दरी काही अंशी भरून निघाली असावी. ज्या मुलीने घरातील बाळंतपणे पाहिली होती तीच आता उकळलेल्या पाण्याने हात धुऊन बाळंतिणीपाशी बसू लागली.

गिरणगावातील बाळंतीण

दहा दिवसांची खोलीच ज्यांना परवडत नव्हती अशा स्त्रियांचा प्रश्न विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांमुळे ऐरणीवर आला. रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. चाळीतील एका खोलीत अनेक माणसे राहत. बाजेखाली शेगडी ठेवणे तेथे अशक्यप्राय होते. शक्य तेथे बाई बाळंतपणाला गावी जाई. नाही तर प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत तिला खात्यात उभे राहावे लागे, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडणे.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आई कामावर असताना मूल निजून राहावे म्हणून बहुसंख्य अर्भकांना अफूची बाळगोळी दिली जाते, ही त्यातील नोंद सर्वत्र गाजली. या नोंदीची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्या घरात असलेले एकमेव प्रभावी वेदनाशामक, अफू, मुलाला दिले जात होते. ओल्या बाळंतिणीला मात्र गुंगी येणे परवडणारे नव्हते, कारण तिला यंत्रापुढे उभे राहायचे होते. दुपारच्या पाळीत दाटून आलेले स्तन पिळून टाकणे किंवा तसेच सोसणे, एवढेच तिच्या हाती उरे.

१९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ मध्ये असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर काही काळ मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलणे न्याय्य आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास मनाई झाली आणि रोज आठ आणे दराने लाभ देण्याची तरतूद झाली. मुंबई इलाख्यातील हा कायदा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा होय.

कामगार-कायद्यांच्या इतिहासात या घटनेला योग्य ते स्थान मिळाले आहे. वैद्यकाच्या इतिहासात तिचा उल्लेख सहसा होत नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. वस्तुतः चार आठवड्यांची सक्तीची विश्रांती हा त्या काळात सर्वसामान्य स्त्रीला उपलब्ध झालेला प्रसूत्युत्तर वेदनेवरील सर्वांत परिणामकारक उपाय होता. मुक्ता साळवे यांनी छपराविषयी जे विचारले होते त्याचेच पुढचे रूप कौन्सिलात सवडीविषयी विचारले गेले, आणि दोन्ही वेळी तो प्रश्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आला. १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाल्याने गिरणगावातील स्त्रियांना स्वच्छ खाटही मिळाली. मात्र या कायद्याने वगळलेल्या शेतमजूर, घरकामगार, बिगारी स्त्रियांची संख्या गिरणीतील स्त्रियांच्या कित्येक पट होती.

दवाखाना आणि कोपी

स्वातंत्र्योत्तर काळात प्रसूती क्रमाक्रमाने घरातून दवाखान्यात गेली. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने या प्रक्रियेस वेग दिला. मृत्यू घटले, हे या बदलाचे निर्विवाद यश आहे. वेदनेचे स्वरूप मात्र पालटले. टाके घेतलेली जखम आणि शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणातील पोटावरची चीर या वेदना पूर्वीच्या बाळंतिणीला ठाऊक नव्हत्या. रक्तस्राव थांबविण्यासाठी १९३५ पासून उपलब्ध झालेल्या अर्गोमेट्रिनने असंख्य प्राण वाचविले, पण त्याने गर्भाशय अधिक जोराने आवळले जाऊन मागाहूनच्या कळा वाढतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी यावर स्वस्त उपाय दिला. तथापि सरकारी दवाखान्यातून एक-दोन दिवसांत घरी जाणाऱ्या बाईच्या खऱ्या दुखण्याचे दिवस, म्हणजे स्तन दाटण्याचे आणि टाके ओढण्याचे, घरीच येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसूत्युत्तर काळाविषयी स्वतंत्र शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत गर्भाशयाच्या कळा, योनिमार्गाची जखम आणि स्तनांचे दाटणे यांचा निरनिराळा विचार आहे. जखमेसाठी पॅरासिटामॉल आणि बर्फाचा थंड शेक, तर गर्भाशयाच्या कळांसाठी दाहशामक गोळ्या, असे त्यांचे स्वरूप आहे. सुश्रुताने मक्कल्लाला वेगळे काढले त्याची येथे आठवण होते. थंड शेकाची शिफारस मात्र मराठी घरातील थोरल्या बाईच्या गळी उतरणे सोपे नाही. बाळंतिणीच्या अंगाला बर्फ लावण्याची कल्पनाही तिला सहन होणार नाही. दवाखान्यातील परिचारिका आणि घरातील सासू यांच्या सूचना परस्परविरुद्ध असल्या की बहुधा सासूचे ऐकले जाते, कारण पुढचा महिना तिच्या हाती असतो.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने आणि २०१७ मधील त्याच्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांपर्यंत वाढली. महाविद्यालयांत, बँकांत, कार्यालयांत काम करणाऱ्या स्त्रियांना तिचा लाभ झाला. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी स्त्री या कक्षेबाहेरच राहिली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि दोघांची उचल एकत्र असते. कामावर न आल्यास ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी बुडतेच आणि वर दंडही आकारला जातो. हंगामात बाळंत झालेली बाई कारखान्याच्या परिसरातील कोपीत, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाच्या आडोशाला, थंडीच्या दिवसांत पडून असते. १९२९ मध्ये गिरणीतील बाळंतिणीला न केलेल्या कामाबद्दल रोज आठ आणे मिळू लागले होते. ऊसतोडीत मुकादमाच्या वहीत तिचे बाळंतपणाचे दिवस उचलीतून वळते करण्याचे खाडे म्हणून मांडले जातात.